जीपचं डिझेल इंजिन पुन्हा पुन्हा बसतंय? तिसरं आणण्याआधी हे बघा

कुंभार्ली घाटात चिपळूणकडून वर येताना जीपने पुन्हा एकदा पाणी फेकलं, तेव्हा मागे बसलेले मामा म्हणाले, "इंजिन बदलून टाक बाबा आता." हे बदललेलंच इंजिन आहे, आणि याच्या आधीचंही बदललेलंच होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. बाटलीतलं पाणी ओतत उगाच डोंगराकडे बघत उभा राहिलो.

गाडी सीजे-३बी मॉडेलची जीप, १९७४ची. मूळचं पेट्रोल इंजिन काढून आधीच्या मालकाने प्यूजो या फ्रेंच कंपनीचं डिझेल बसवलेलं. माझ्याकडे आल्यापासून पाच वर्षांत दोन इंजिनं निकामी झाली, आणि दोन्ही वेळा क्रम तोच. सपाटीला गाडी झकास. घाटात काटा वर. मग हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) जाणार, मग पाणी मिसळून ऑइलचा चहा, मग बेअरिंगचा आवाज. दोन्ही वेळा मिस्त्रींनी सांगितलं, "जुनं इंजिन होतं दादा, दमलं." मीही मान डोलावली आणि दुसरं जुनं इंजिन शोधायला निघालो.

तिसऱ्या वेळी आधी गाडी मोजली आणि मग इंजिन शोधलं. जुनी जीप बाळगणारे भेटले की पहिला प्रश्न हमखास येतो, "कुठलं इंजिन टाकू?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला म्हणजे आधीचं कशाने मेलं. त्याचं उत्तर नसताना नवं इंजिन आणणं म्हणजे गळक्या टाकीत दुसऱ्यांदा पाणी भरणं.

आधीचं कशाने मेलं

इंजिन तापणं हा रोग नव्हे, ताप आहे. तो कधी चढतो यावरून रोग ओळखू येतो. माझ्याकडे आता एक साधी वही आहे. गाडी तापली की त्यात तीन गोष्टी लिहायच्या: वेग, गिअर, आणि गाडी सुरू केल्यापासून किती वेळाने तापली.

घाटात दुसऱ्या गिअरला वीसच्या वेगाने तापते, पण वर सपाटी लागली आणि वेग पकडला की आपोआप उतरते, असं असेल तर वाऱ्याची भानगड आहे. वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो; घाटात ते काम एकट्या पंख्यावर पडतं, आणि पंखा ते करत नाही. उलट सत्तरच्या वेगातही काटा हळूहळू चढतच राहतो, तर रेडिएटरच्या नळ्या गाळाने भरल्यात किंवा वॉटर पंप पाणी ढकलत नाही. आणि सकाळी थंड गाडी सुरू करून पाचच मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा घट्ट झाला, झाकण उघडून ठेवलं तर पाण्यात बुडबुडे दिसले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. म्हणजे गॅस्केट तरी गेलंय, नाहीतर हेडला तडा आहे. ही बुडबुड्यांची तपासणी इंजिन थंड असतानाच करायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजून घेतलेला एक माणूस मी ओळखतो, आणि रोज दाढी करताना तो मला आरशात दिसतो.

माझी गाडी पहिल्या प्रकारातली निघाली. म्हणजे पाच वर्षं ज्या इंजिनांना मी दमलेली म्हणत होतो, त्यांना वाराच मिळत नव्हता.

मुळात काय झालं होतं बघा. सीजे-३बीचं बोनेट एवढं उंच आहे ते तिच्या मूळ हरिकेन इंजिनामुळे. २१९९ सीसीचं हे पेट्रोल इंजिन उंचीला जास्त. त्याच्या इनलेटच्या व्हॉल्व्ह हेडमध्ये वर आणि एक्झॉस्टच्या ब्लॉकमध्ये खाली. ही जीप मुळात बनवणाऱ्या विलिज कंपनीने आधीच्या जीपच्या सांगाड्यात ते बसवताना बोनेट वर उचललं. रेडिएटर, त्याची जागा, पंख्याचा मध्य हे सगळं त्या इंजिनाच्या मापाने ठरलेलं. तिथे प्यूजो आलं तेव्हा इंजिन बसलं, गाडी चालली, आणि कोणी पुढे वाकून बघितलं नाही. मी पट्टी लावली तेव्हा पंख्याचा मध्य रेडिएटरच्या मध्यापेक्षा चांगला चार बोटं खाली होता. पाती जाळीपासून तब्बल दहा सेंटिमीटर मागे. भोवती पत्र्याचं कडं नाही. म्हणजे पंखा अर्धा वेळ इंजिनाचाच गरम वारा घुसळत होता.

दुसरी चूक त्याहून छुपी. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी पाण्याची नळी वर चढून मग रेडिएटरच्या वरच्या टाकीत उतरत होती. पाणी भरताना त्या चढावर हवा अडकायची. आपण गळ्यापर्यंत पाणी भरलं म्हणून निर्धास्त, आणि इकडे हेडच्या वरच्या भागात हवेचा फुगा. प्यूजोच्या या घराण्यात ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. त्या फुग्याजवळ हेड तापलं की ते वाकणार आणि गॅस्केट सोडणार, हे ठरलेलं. त्यात माझ्या आधीच्या मिस्त्रींनी "गाडी गार राहील" म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकलेला. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात. गार ठेवण्यासाठी केलेला उपाय घाटात इंजिन तापवतो, तो असा.

"डिझेलला रेडिएटर मोठाच लागतो" हे वाक्य मला निदान डझनभर लोकांनी ऐकवलंय. मोठा असेल तर बिघडत नाही, पण तेवढीच ताकद काढताना डिझेल पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता पाण्यात टाकतं असं नाही. उलट उभ्या जागी तर डिझेल तापायलाही वेळ लावतं. माझा रेडिएटर आकाराने पुरेसा होता. पंखा सरकवला, दोन इंचांच्या आत आणला, कडं बसवलं, नळीच्या सर्वांत उंच जागी हवा काढायला नॉब लावला, थर्मोस्टॅट परत टाकला आणि रेडिएटरचं झाकण अर्ध्या बारच्या दाबाचं घेतलं. त्या दाबाला पाणी शंभरऐवजी १११ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे वरची थोडी जागा मिळते. झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर हा सगळा हिशोब वाया, म्हणून ते आधी बघा. सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे.

तापण्याचं आणखी एक कारण वरून दिसत नाही. ताकद कमी वाटते म्हणून कुणीतरी इंजिनाच्या डिझेल पंपातून येणारं डिझेल वाढवून ठेवतं. गाडी चढावर काळा धूर सोडते, मालक खूश होतो, आणि न जळलेल्या डिझेलसकट सगळी उष्णता हेडमध्ये जाते. टायमिंग मागे राहिलं असेल तरी तेच. मायको कंपनीच्या डिझेल पंपाचं काम करणारा चांगला माणूस गाठून पंप आणि नोझल एकदा टेबलावर तपासून घ्या. ते न करता इंजिन बदललंत तर नव्या इंजिनावर तोच बिघडलेला पंप चढतो. माझ्या दुसऱ्या इंजिनावर पहिल्याचाच पंप होता, हे मला तिसऱ्या वेळी कळलं.

मग इंजिन कुठलं

आता खरा वादाचा मुद्दा. यावर पारावर दोन गट पडतात, एक 'डीआय'चा, म्हणजे महिंद्राच्या एमडीआय इंजिनाचा, आणि दुसरा प्यूजोचा, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर असतात.

प्यूजोचं एक्सडीपी ४.९० म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), हे नावातच लिहिलंय. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८३, म्हणजे बोअरपेक्षा कमी. २११२ सीसी, साठ-बासष्ट अश्वशक्ती. स्ट्रोक आखूड असल्यामुळे ते फिरायला हलकं, आवाजाने सभ्य, पण खालच्या आरपीएमला (मिनिटाला फेरे कमी असताना) जोर बेताचा. डिझेल आधी बाजूच्या छोट्या खोलीत जळतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं, म्हणून थंडीत हीटर प्लगशिवाय सुरू होत नाही. त्याचाच थोरला भाऊ एक्सडी३पी, २४९८ सीसी, आर्माडा आणि पुढे बोलेरोमध्ये आला. मिळाला तर चांगला, आणि सुटे भाग त्याचेच जास्त दिसतात.

महिंद्राचं एमडीआय ३२०० ही वेगळी जात. त्याची मुळं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरमध्ये. बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६, म्हणजे साडेतीन इंच बाय चार इंच, २५२३ सीसी. स्ट्रोक लांब, त्यामुळे आयडलिंगलाही बैलासारखं ओढतं. डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतं, हीटर लागत नाही, डिझेलही कमी पितं. नावातला ३२०० हा आकडा आरपीएमचा. त्यापलीकडे ते जात नाही आणि नेऊही नये. शेतातून उसाची ट्रॉली काढायची, कच्च्या रस्त्याने वाडीवर जायचं, गावातल्या कुठल्याही ट्रॅक्टर मिस्त्रीकडून दुरुस्त करायचं, तर याला तोड नाही. पण ते वजनदार, आणि हादरा असा की आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसतो.

बाकीची नावंही येतात. अँबॅसॅडरमधलं इसुझू, १९९५ सीसी: गुळगुळीत, नाजूक आवाजाचं, गाडीला शोभणारं. पण त्याला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते, आणि तुम्ही तेव्हा कुठल्या ओढ्यात असाल सांगता येत नाही. जुनं इसुझू आणलंत तर गाडीत बसवण्याआधीच बेल्ट आणि टेन्शनर नवीन टाका, विकणाऱ्याने "कालच बदललाय" म्हटलं तरी. टेम्पो ट्रॅक्समधलं ओएम ६१६, मूळ मर्सिडीज-बेंझचं २.४ लिटर, हे मला मनापासून आवडणारं इंजिन. पण लांबीला मोठं, आणि सीजे-३बीच्या पुढच्या भागात ते बसवायला रेडिएटर पुढे ढकलावा लागतो. म्हणजे ज्या दुखण्यातून बाहेर पडलो, तिथेच परत.

आणि हल्लीच्या मुलांना हवं असतं ते एमहॉक. स्कॉर्पिओतलं २१७९ सीसी, १२० अश्वशक्ती, फिरवण्याचा जोर (टॉर्क) २९० न्यूटन-मीटर. इथे थोडा हिशोब करू. जुन्या टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर साधारण २.८, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो सुमारे अडीच, आणि मूळ अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७च्या आसपास. एक्सडीपीचे १२० न्यूटन-मीटर या साखळीतून गेले की चाकांपर्यंत साडेचार हजारांच्या घरात पोचतात. एमहॉकचे २९० गेले तर दहा हजारांच्या वर. मधला शाफ्ट, क्रॉस, क्राउन-पिनियन, सगळं हरिकेनच्या ताकदीला घडवलेलं. चिखलात चाक रुतलेलं असताना जे पहिलं कमजोर असेल ते तुटणार. शिवाय या इंजिनाला ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), वायरिंगची अख्खी वेणी, चावीचा इमोबिलायझर आणि स्वच्छ डिझेल लागतं. पाण्यातून जाणाऱ्या उघड्या जीपला हा संसार झेपत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही अ‍ॅक्सल बदललेत. म्हणजे त्यांनी इंजिन बदललं नाही, गाडीच बदलली आणि वर जुनं बोनेट ठेवलं.

सगळ्यात जास्त फसगत जिथे होते

ती इंजिनात नसते. ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या दोन इंचांत असते.

आमच्या खालच्या आळीतल्या, भावकीतल्या आबांच्या जीपमध्ये डीआय बसवलं. इंजिन ठणठणीत. पण सहा-सात महिन्यांनी पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाशी गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकवणारं) गेलं, गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग ओरडायला लागलं, क्लच प्लेटचे मधले दाते झिजले. सगळं नवीन टाकलं. पुन्हा सात महिने. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "गिअरबॉक्सच खराब आहे." मी म्हटलं, "आबा, गिअरबॉक्सचा दोष नाही, लग्नच वाकडं लागलंय."

इंजिन एका कुळीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कुळीचा असला की मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट घालतात. ती प्लेट गॅसकटरने कापून, भोकं हाताने मारून, "बोल्ट बसले ना, झालं" अशी केलेली असते. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आहेत का, हे कोणी बघत नाही. अर्धा मिलिमीटर जरी चुकलं तरी शाफ्ट दर फेऱ्याला वाकतो, आणि बेअरिंग बिचारं किती दिवस सहन करणार. यावर उपाय एकच. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवायचं, त्याची सुई बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) गिअरबॉक्स बसतो त्या गोल भोकावर टेकवायची आणि इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं. सुईचा एकूण फरक पाव मिलिमीटरच्या आत हवा. नसेल तर प्लेट सरकवून डॉवेल पिना नव्या मारायच्या. आबांच्या गाडीत सुई जवळजवळ पाऊण मिलिमीटर नाचली. लेथवाल्याकडून नवीन प्लेट करून घेतली, तीही कागदावरच्या मापाने नव्हे, तर दोन्ही हाउसिंग त्याच्यासमोर ठेवून. त्यानंतर तो गिअरबॉक्स उघडावा लागलेला नाही.

त्याच जोडणीत आणखी तीन गोष्टी मापून घ्या, नाहीतर इंजिन दोनदा चढवायला-उतरवायला लागतं. सेल्फचा दातेरी पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगला पूर्ण लागतो का. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं शिरतं का, की तळाला टेकतं. आणि चेंबर. कारसाठी बनलेल्या इंजिनांचं ऑइल चेंबर अनेकदा पुढे खोल असतं. जीपला तिथे पुढचा अ‍ॅक्सल आहे. गाडी उभी असताना चार बोटं जागा दिसते, खड्ड्यात स्प्रिंग दबली की अ‍ॅक्सलचा गोळा चेंबरला भेटतो. म्हणून पुढचे बफर काढून, जॅकने अ‍ॅक्सल वर ढकलून, शेवटपर्यंत नेऊन बघायचं. याला अर्धा तास लागतो.

वेग आणि गिअर

डीआय टाकलेल्या जुन्या जीपची दुसरी तक्रार नेहमीची: "पंचावन्नच्या वर गेली की रडते." इंजिन खराब नाही, गणित तसं आहे. ६.००-१६चा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. टॉप गिअर सरळ (१:१) असेल आणि अ‍ॅक्सल ५.३८चा, तर २२०० आरपीएमला वेग येतो ताशी ५५. डीआयला त्यापुढे रेटणं त्याच्या जिवावर येतं. प्यूजो त्याच अ‍ॅक्सलवर ३००० आरपीएमला आरामात ७५ देतं. म्हणून ज्यांच्याकडे मूळ ५.३८चा अ‍ॅक्सल आहे त्यांनी डीआय घेताना अ‍ॅक्सलचाही खर्च धरावा. ४.८८ केलं तर तेवढ्याच फेऱ्यांना ६१, ४.२७ केलं तर ७०. पण फोर-बाय-फोर असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही एकाच गुणोत्तराचं हवं. फक्त मागचं बदलून फोर-बाय-फोर लावलं तर पुढची चाकं एक सांगतात आणि मागची दुसरं, आणि भांडणात ट्रान्सफर केस मरतो. पाच गिअरची पेटी घालणं हा दुसरा मार्ग, पण मग शाफ्टची लांबी, लिव्हरचं भोक, सगळंच हलतं.

तुम्हाला ५५ पुरत असेल तर मात्र काहीच बदलू नका. शेतातल्या जीपला ५.३८ हे वरदान आहे.

जुनं इंजिन बघताना

कुर्ल्याच्या बाजारात इंजिन जमिनीवर ठेवून, बॅटरी जोडून चालवून दाखवतात. आवाज छान येतो, माणूस भुलतो. चालवून दाखवतील तेव्हा आधी हात लावून बघा, इंजिन गरम आहे का. तुम्ही यायच्या आधी तापवून ठेवलं असेल तर थंड सुरुवातीची परीक्षा झालीच नाही. सांगा, जेवून येतो, तोवर गार होऊ द्या. मी खरोखर भेळ खाऊन आलो होतो, आणि त्या इंजिनाने परत आल्यावर सुरू व्हायला पाच मिनिटं घेतली.

मग ऑइल भरायचं झाकण काढून बघा. थोडी वाफ ठीक, पण झाकण नुसतं ठेवलं तर उडायला लागलं किंवा आगगाडीसारखे भपके आले तर रिंगा संपल्यात. कॉम्प्रेशन गेज स्वतःचा न्या. आकडा किती हवा ते त्या इंजिनाच्या पुस्तकात बघा, पण चार सिलिंडरांमधला फरक तीन बारहून जास्त असेल तर पुढे बोलूच नका. क्रँकची पुली धरून पुढे-मागे ओढा; ठक असा आवाज आला तर थ्रस्ट वॉशर गेलाय. ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या कोअर प्लगा गंजून पातळ झाल्या असतील तर त्या इंजिनाने वर्षानुवर्षं साधं पाणी प्यायलंय, आतली पाण्याची जॅकेटंही तशीच असणार. हेड उतरवायची परवानगी मिळाली तर सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन हेडचा आणि ब्लॉकचाही तळ बघा. हेडला घासून सरळ करता येतं, पण बाजूच्या खोलीच्या इंजिनात ते फारच थोडं घासता येतं. आणि एकदा घासलेलं हेड पुन्हा घासायची वेळ आली असेल, तर ते दुसऱ्याच्या गळ्यात जाऊ द्या.

कागद

ही गोष्ट लोक शेवटी बघतात, मीही तेच केलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार गाडीतला बदल आरटीओच्या मंजुरीने व्हायला हवा, आणि मंजुरीविना केला असेल तर १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होणारे बदल चालणार नाहीत. त्यामुळे त्याच कुळीचं, त्याच इंधनाचं इंजिन टाकणं आणि पेट्रोलच्या गाडीत कुठलंही डिझेल ढकलणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनचे पैसे देण्याआधी आरसी बुक आणि इंजिनचा प्रस्ताव घेऊन कार्यालयात जा, आणि विचारा. नंतर विचारलं तर उत्तर तेच मिळतं, फक्त तुमच्या अंगणात एक इंजिन पडलेलं असतं.

आधीच्या मालकाने टाकलेलं डिझेल आरसीवर चढलंय का, हेही बघा. माझ्या आरसीवर चढलेलं होतं, तेवढं नशीब. इंजिन घेताना बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ब्लॉकवरचा नंबर घासून पुन्हा मारलेला वाटला तर हात जोडून निघा. अपघातानंतर विमावाला आधी हाच नंबर बघतो.

मी शेवटी काय घेतलं

पुन्हा एक्सडीपी. मामांना धक्काच बसला. "जे दोनदा मेलं तेच परत?" पण हिशोब सोपा होता. ते मरत नव्हतं, मी मारत होतो. बेल हाउसिंग तेच, फाउंडेशन (इंजिन टेकतं ते माउंटिंग) तेच, आरसीवर नोंद त्याच जातीची, अ‍ॅक्सल ५.३८ आणि मला कराडला बाजारात जायला सत्तरचा वेग हवा. डीआय घेतलं असतं तर अ‍ॅक्सल, प्लेट, मंजुरी आणि हादरा हे चारही घ्यावे लागले असते. पाटणच्या वर ज्याचं रोजचं येणं-जाणं खडकातून आहे, अशा माझ्या मेहुण्याला मी डीआयच सुचवलं, आणि ते त्याला लाभलंय. एक्सडीपीचा तोटाही सांगतो: सुटे भाग शोधावे लागतात, गॅस्केटचा एक जोड आणि नोझल मी घरात ठेवून देतो.

हेडवर खरा तापमानाचा काटा बसवला, डॅशबोर्डवरच्या जुन्यावर विश्वास नाही. मे महिन्यात चार माणसं आणि आंब्याच्या सहा पेट्या घेऊन त्याच घाटाने वर आलो. चिपळूण सोडताना ८२, शेवटच्या वळणाला ९१, आणि कोयनानगरच्या बाजूला उतार लागला तशी पाच मिनिटांत ८३. मामा मागे झोपले होते.

या थंडीत मात्र सकाळी तीन सिलिंडरवर सुरू होते आणि अर्धा मिनिट पांढरा धूर सोडते. मल्टीमीटर लावला तर दुसरा हीटर प्लग गेलेला. तो मिळाला की लावतो.